माथेरानचे इंजिन, त्सुफेनहाउझेनचे तळघर

नेरळ स्थानकावर मुंबईची गाडी सोडून माथेरानच्या चिमुकल्या गाडीत बसल्याची आठवण आपल्या समाजातील जुन्या पिढीत अनेकांपाशी असेल. पेण, पनवेल, अलिबाग या भागांतील मंडळींना तर माथेरान म्हणजे घरामागचा डोंगरच. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही नावे अश्दोदला किंवा बीरशेबाला एखाद्या लग्नघरी कोणी सहज उच्चारली, तर दोन-चार वृद्ध चेहरे लगेच तिकडे वळतात. परंतु ती गाडी एके काळी ओढणारे वाफेचे इंजिन कोणी घडविले, असे विचारल्यास उत्तर बहुधा 'इंग्रजांनी' असेच येते. हे उत्तर बरोबर नाही. त्या इंजिनाची लहान, पण खरोखर वाफेवर चालणारी प्रतिकृती करावयाचे मी मनावर घेतले आणि त्या निमित्ताने त्याचा सारा पूर्वेतिहास वाचणे भाग पडले. त्या कामाविषयी व त्या इतिहासाविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहे.

नेरळ-माथेरान रेल्वे ही सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर उभी राहिली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम हाती घेतले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, मार्गाची लांबी सुमारे एकवीस किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीस फुटांस एक फूट आणि वळणे अशी की, शेवटच्या डब्यातील उतारूने पुढच्या डब्यातील उतारूशी खिडकीतून बोलावे! अशा मार्गासाठी चार इंजिने मागविण्यात आली, ती बर्लिनच्या ऑरेनस्टाइन आणि कोप्पेल या कारखान्याकडून. बेन्नो ऑरेनस्टाइन आणि आर्थर कोप्पेल या दोन ज्यू तरुणांनी १८७६ साली ही पेढी काढली होती. शेतांतून, खाणींतून, उसाच्या मळ्यांतून धावणाऱ्या अरुंद रुळांच्या गाड्या हा त्यांचा खास धंदा. पॉट्सडॅमजवळ ड्रेविट्झ येथे १८९९ पासून त्यांची इंजिने बनत होती. म्हणजे कोकणातील बेने इस्राएल कुटुंबे ज्या इंजिनाची शिटी ऐकत होती, ते इंजिन बर्लिनच्या दोन ज्यू कारखानदारांच्या नावाची पट्टी अंगावर वागवीत होते. हे मला स्वतःला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ते असण्याचे कारणही नव्हते.

आता कामाच्या जागेविषयी. त्सुफेनहाउझेन हा आज जर्मनीतील स्टुटगार्ट शहराचा उत्तरेकडील भाग आहे. लोहमार्ग येथे १८४६ सालीच आला. त्याला शहराचा दर्जा मिळाला तो १९०७ साली, म्हणजे माथेरानची गाडी सुरू झाली त्याच वर्षी, आणि १९३१ मध्ये तो स्टुटगार्टमध्ये विलीन झाला. जगाला हे नाव ठाऊक आहे ते पोर्शे मोटारींमुळे. येथील इमारतींना खाली तळघर असते; भाडेकरू तेथे सायकली, बटाटे आणि जुने फर्निचर ठेवतात. आमच्या वाट्याच्या तळघरात एक लहान लेथ, एक उभे ड्रिल, एक पकड बसविलेले बाक आणि कानसींचा एक खण एवढा संसार आहे. या वस्तीत निवृत्त टर्नर आणि फिटर घरोघरी आहेत, त्यामुळे खालून येणाऱ्या कानशीच्या आवाजाचे कोणाला नवल वाटत नाही.

प्रतिकृती म्हटली की, कपाटात ठेवावयाचे खेळणे डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही. भट्टीत खरा कोळसा, बॉयलरमध्ये खरे पाणी, सिलिंडरात खरी वाफ आणि मागे बसलेल्या माणसाला ओढून नेण्याची ताकद, ही या छंदाची अट आहे. इंग्लंडात पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून हजारो कारकून, शिक्षक, डॉक्टर या छंदाला लागले. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने १९२० च्या दशकात, इवलेसे कोळशाचे इंजिन मोठ्या माणसास ओढू शकते, हे प्रत्यक्ष दाखवून बड्या बड्या मंडळींची तोंडे बंद केली. तोवर अनेकांना ते अशक्य वाटे.

अशक्य वाटण्याला कारण होते. माझ्या प्रतिकृतीच्या रुळांत पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर अंतर आहे. मूळचे अंतर ६१०. म्हणजे प्रत्येक लांबी ४.८ पटींनी कमी. पण पृष्ठभाग कमी होतो तो सुमारे २३ पटींनी आणि घनफळ सुमारे ११० पटींनी. मूळ यंत्र दहा टनांचे असते, तर प्रतिकृती नव्वद किलोंची झाली असती. वजन कमी झाले हे ठीक. पण उष्णता साठते ती घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा का लवकर निवतो, हे कोकणी माणसाला सांगावयास नको. लहान सिलिंडर हा बशीतला चहा आहे. वाफ आत शिरताच थंड भिंतीला लागून तिचे पाणी होऊ लागते. आणि वाफ, पाणी, कोळसा यांना कोणी ४.८ पटींनी लहान करीत नाही. बॉयलरमधील धुराच्या नळ्या मापाबरहुकूम बारीक केल्या, तर राखेने त्या तुंबतात. म्हणून त्या संख्येने कमी व मापाने जाड ठेवाव्या लागतात. पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी फार अरुंद केली, तर पाणी तिच्या कडांना चिकटून वर चढते आणि खोटी पातळी दाखविते. खोट्या पातळीवर विसंबून आच चालू ठेवणे म्हणजे काय, ते ज्यांनी घरचा प्रेशर कुकर कोरडा जळालेला पाहिला आहे त्यांना समजेल. थोडक्यात, बाहेरून मूळ इंजिनासारखे दिसणारे आणि आतून वेगळ्या हिशेबाने घडलेले असे हे यंत्र असते. नुसती नक्कल करणारा येथे फसतो.

बॉयलर तांब्याचा. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंडे-घंगाळी ठोकताना पाहिली असतील, त्यांना पुढचा मजकूर परिचित वाटेल. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले की कडक होते. तांबे लाल करून पाण्यात बुडविले तर मऊ होते. मऊ झालेला पत्रा लाकडी किंवा पोलादी साच्यावर ठेवून लाकडी हातोड्याने त्याची कड वळवावयाची. दहा-वीस ठोक्यांत तांबे पुन्हा ताठर होते, हातोडा उसळू लागतो. मग पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी. भट्टीच्या मागच्या एका पत्र्याला असे सात-आठ वेळा तापवावे लागले. घाई केली तर कोपऱ्यात भेग जाते. आणि तांबे स्वस्त नाही.

सांधे चांदीच्या डाखाने जोडतात. सोनाराचा डाख तो हाच, फक्त येथे दागिन्याऐवजी पंधरा-वीस किलोंचे तांबे समोर असते. डाख सहाशे ते सातशे अंशांवर वितळतो, तांबे १०८५ अंशांवर. पण तांब्याइतकी उष्णता पिऊन टाकणारी दुसरी स्वस्त धातू नाही. एका टोकाला ज्योत लावली की उष्णता दुसऱ्या टोकाने पळून जाते. म्हणून संपूर्ण बॉयलर विटांच्या कोनाड्यात ठेवून दोन ज्योतींनी एकदम तापवितात. नेमकी उष्णता आली की डाख चमकून सांध्यात ओढला जातो. काचेच्या नळीत जी केशाकर्षणाची शक्ती खोटी पातळी दाखविते, तीच येथे मदतीला येते. फट केसाएवढी असेल तरच डाख आत शिरतो, रुंद ठेवली तर तो बाहेरच ओघळतो. आधीचे सांधे जास्त उष्णतेवर वितळणाऱ्या डाखाचे, नंतरचे कमी उष्णतेवर वितळणाऱ्या डाखाचे, हा क्रम पाळला नाही तर दुसरा सांधा जोडताना पहिला सुटतो. सपाट पत्रे दाबाने फुगू नयेत म्हणून त्यांना आरपार आधारकांब्या द्याव्या लागतात. शेवटी परीक्षा. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने चालत्या दाबाच्या दीड ते दोन पट दाब द्यावयाचा. परीक्षेला वाफ घेत नाहीत, कारण दाबलेली वाफ फुटली तर स्फोट होतो; पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून सांधा सुटला तरी एखादी पिचकारी उडून प्रकरण संपते. हा दाखला नसेल तर कोणताही जबाबदार क्लब आपल्या रुळांवर इंजिन येऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे.

माथेरानच्या इंजिनाचे खरे मर्म मात्र त्याच्या चाकांत आहे, आणि मला सर्वांत अधिक दिवस लागले ते तेथेच. या इंजिनाला चाकांच्या तीन जोड्या आहेत. तीन आस एकाच ताठ चौकटीत घट्ट बसविले तर तीव्र वळणात चाके रुळांच्या बाजूंवर घासतात, अडतात किंवा वर चढतात. सॅक्सनीच्या रेल्वेतील क्लीन आणि लिंडनर या अभियंत्यांनी यावर जी तोड काढली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आस दुहेरी करावयाचा. आतला गाभा सरळ. तो बाहेरच्या चौकटीतील बेअरिंगमध्ये फिरतो आणि त्याच्या टोकांना क्रँक असतात. त्या गाभ्याच्या भोवती नळीसारखा पोकळ आस, आणि चाके त्या नळीवर. गाभ्याच्या बरोबर मध्यावर एक गोळा, गोळ्यातून आडवी गेलेली एक खीळ. खीळ गाभ्याचे फिरणे नळीला पोचविते. गोळा नळीला डावीकडे-उजवीकडे तिरपे होऊ देतो आणि थोडे बाजूला सरकूही देतो. पुढचा व मागचा आस असा, मधला साधा. त्यामुळे इंजिनाची चौकट सरळ राहते आणि चाके मात्र वळणाप्रमाणे वळतात.

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. घाण्यातील लाट आठवावी. ती फिरते आणि त्याच वेळी उखळीत कलती राहते. फिरणे आणि कलणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी. हा आस मला प्रथम समजला तो त्या लाटेवरून. शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्हांस ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावयास शिकविले होते. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले होते.

समजणे वेगळे आणि करणे वेगळे. माझ्या प्रतिकृतीत गोळ्याचा व्यास २४ मिलिमीटर. बाजारातील बेअरिंगचा तयार गोळा वापरावा म्हटले तर तो इतका कडक असतो की ड्रिल त्यावर नुसते घसरते. म्हणून गोळा गाभ्यासकट एकाच कांबीतून लेथवर कातावा लागतो. त्यासाठी पाते एका उभ्या खुंटीभोवती फिरेल असे साधन आधी करावे लागते. आणि ती खुंटी लेथच्या मध्यरेषेच्या अगदी खाली नसली, तर गोळ्याऐवजी लिंबू किंवा आवळा तयार होतो. मग नळीच्या आतला भाग, गोळा त्यात मऊ सरकेल पण खडखडणार नाही असा. येथे फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा. खीळ सर्वांत शेवटी, नळीला पाडलेल्या भोकातून घालावयाची. हे सर्व बसल्यावर चाके हाताने वळवून पाहिली असता ती आज्ञाधारकपणे वळतात आणि पुन्हा सरळ होतात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही! सिलिंडर, दट्ट्या, वाफेची झडप, पंप ही कामे चिकाटीची खरी, परंतु त्यांवर पुस्तके विपुल आहेत. येथे ती गाळतो.

वेळेची एक गंमत सांगण्याजोगी आहे. कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी आपला घाणा बंद. शब्बाथला अग्नी पेटविणे वर्ज्य, आणि हातोड्याचा शेवटचा घाव हेसुद्धा वर्ज्य कामांच्या एकोणचाळीस प्रकारांपैकी एक. म्हणजे माझा छंद शनिवारी सर्वांगाने निषिद्ध. शब्बाथ संपला की रविवार उजाडतो, आणि जर्मनीत रविवारी ड्रिल-हातोड्याचा आवाज करावयास कायद्याने बंदी. रात्री दहानंतरही शांतता. तेव्हा हा शनवार तेली येथे शनिवार-रविवार तेली झाला आहे. उरलेल्या संध्याकाळी जेवढे होईल तेवढे.

अशाच एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरील वृद्ध शेजारी खाली आले. त्यांचे उभे आयुष्य यंत्रशाळेत गेलेले. मला ते नेहमी 'हेर लेहरर', म्हणजे मास्तर, अशी हाक मारतात. मी इंजिनाच्या बाजूला लावावयाच्या पितळी पट्टीची अक्षरे आखीत होतो. त्यांनी चष्मा वर करून नावे वाचली आणि म्हणाले, "हे तर खोदयंत्रवाले! तरुणपणी मी त्यांच्या यंत्रांची दुरुस्ती केली आहे." ते दोघे ज्यू होते, हे त्यांस ठाऊक नव्हते. कोणी सांगितलेच नव्हते, असे ते म्हणाले आणि बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिले.

न सांगितले जाण्याचे कारण आहे. कोप्पेल १९०८ साली आणि ऑरेनस्टाइन १९२६ साली वारले, त्यामुळे पुढचे त्यांना पाहावे लागले नाही. नाझी राजवटीत ऑरेनस्टाइन कुटुंबाच्या हातून कंपनी काढून घेण्यात आली आणि १९४० मध्ये तिचे नावच बदलून 'यंत्रबांधणी व रेल्वेसाहित्य' अशा अर्थाचे एक निनावी नाव देण्यात आले. युद्धानंतर जुने नाव परत आले. पण नाव परत आले म्हणून नावामागची माणसे लोकांच्या स्मरणात परत येतातच असे नाही.

त्सुफेनहाउझेनमध्ये राहून याच जातीची आणखी एक हकीकत न सांगणे बरे नव्हे. १९३१ साली स्टुटगार्टमध्ये पोर्शे यांची अभिकल्प-कचेरी स्थापन झाली, तेव्हा तिचे भागीदार तिघे होते: फर्डिनांड पोर्शे, त्यांचे जावई अँटोन पिएख आणि फोर्त्सहाइमचा मोटार-शर्यतपटू आडोल्फ रोझेनबर्गर. रोझेनबर्गर ज्यू. त्यांनी पैसा घातला, आरंभी व्यवहारही पाहिला. १९३५ मध्ये त्यांचा दहा टक्के हिस्सा मूळ दर्शनी किमतीस गेला, त्याच वर्षी त्यांना अटक होऊन किसलाऊच्या छळछावणीत टाकण्यात आले. सुटका झाल्यावर ते देश सोडून गेले, अमेरिकेत नाव बदलून राहिले आणि १९६७ साली लॉस एंजेलिसला वारले. त्सुफेनहाउझेनचा कारखाना १९३८ मध्ये उभा राहिला, तोवर ते येथून गेलेले होते.

आणि किलेसबर्ग. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर टेकडीवर हे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथे १५ इंची रुळांवर मुलांची आगगाडी फिरते. क्रुप कारखान्याने १९५० साली बांधलेली वाफेची दोन इंजिने तिला आहेत. वाफेच्या छंदिष्टाला तीर्थक्षेत्रच. परंतु १९४१ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस वुर्टेम्बर्गमधील सुमारे एक हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना याच उद्यानातील प्रदर्शनगृहांत कोंडण्यात आले, आणि १ डिसेंबरला खालच्या उत्तर स्थानकावरून आगगाडीने रीगाला नेण्यात आले. त्यांतील फार थोडे वाचले. त्या स्थानकाच्या जुन्या रुळांवर २००६ पासून स्मारक आहे. भिंतीवर नेलेल्यांची नावे कोरली आहेत. वाफेच्या इंजिनावर प्रेम करणाऱ्या ज्यू माणसाने या गावात हे दोन्ही रूळ पाहिले पाहिजेत, असे मला वाटते. मी पाहिले. त्यानंतर महिनाभर लेथ चालू करावासा वाटला नाही. मग पट्टीचे काम पुन्हा हाती घेतले.

आपल्या समाजात कसबी हात कमी नव्हते. मुंबईत ऑर्ट संस्थेची शाळा १९६० च्या दशकात सुरू झाली आणि आपल्यातील कित्येक तरुण तेथून फिटर, टर्नर, वायरमन होऊन इस्रायेलला आले. त्यांपैकी ज्यांना आता निवृत्ती लाभली आहे, त्यांनी नातवंडांना घेऊन या छंदाचा विचार अवश्य करावा. माथेरानच्या इंजिनापासून मात्र आरंभ करू नये. इंग्लंडच्या स्टुअर्ट कंपनीचे 'दहा व्ही' हे छोटे उभे यंत्र नवशिक्यांसाठी प्रसिद्ध आहे: सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, दट्ट्याची धावही पाऊण इंच, बिडाचे ओतीव भाग तयार मिळतात, कातणे-घासणे आपले आपण करावयाचे. लहान लेथ आणि एक हिवाळा एवढ्यात ते फिरू लागते. चालवून पाहावयास सायकलच्या पंपातील हवाही काही क्षण पुरते, बॉयलर नंतर.

माझी पट्टी तयार झाली आहे. पितळेवर लाखेने अक्षरे झाकून बाकीचा भाग आम्लाने खाऊ द्यावयाचा, म्हणजे अक्षरे उठून राहतात. त्यांची उंची तीन मिलिमीटर. ऑरेनस्टाइन, कोप्पेल, बर्लिन हे शब्द भिंगावाचून वाचता येतात. शेजाऱ्यांनी आपल्या डबीतून चार पितळी स्क्रू काढून दिले आणि चौथा स्वतः पिळला. बॉयलरची पाण्याची परीक्षा झाली आहे. रंग अजून द्यावयाचा आहे. चालविण्याचा प्रश्न राहतो, कारण तळघरात रूळ मावत नाहीत. नेकार नदीच्या काठी प्लोखिंगेन येथील उद्यानात हौशी मंडळींनी छोट्या वाफगाड्यांसाठी मार्ग टाकला आहे. तेथे तीव्र वळणे आहेत, असे शेजारी सांगतात.